वैजयंताने दोनदा वाटलेले पेढे

वैजयंता आमच्या सिल्व्हर पार्क वसाहतीत चार घरी पोळ्या करते. सकाळचं पहिलं घर माझं. तिचा नवरा केरबा काशीमीऱ्याला गॅरेजमध्ये असतो.

माझ्या डायरीत १४ एप्रिल २००३च्या पानावर मी लिहिलं आहे: ‘वैजयंताने पेढे दिले. जयंतीचे समजून घेतले, तर म्हणाली, “एक जयंतीचा, एक माझा. वर्ष झालं, पाळी नाही. सुटले बाई!”’ पाळी गेल्याचे पेढे वाटणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

जानेवारी २००७मध्ये पोळी लाटता लाटता ती म्हणाली, “बाई, माझं वय उलटं चाललंय. पाळी परत सुरू झाली.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून. आमच्या गावाकडं म्हणतात, अंगात जोर असला की येते परत.”

मी जुनी डायरी काढून तिला ते पान वाचून दाखवलं. “पावणेचार वर्षं झाली पेढ्यांना. ही पाळी नाही, वैजयंता. उद्याच डॉक्टरकडे जायचं.”

तिचं लाटणं थांबलं. “आणि कॅन्सर निघाला तर? पंचशीलासाठी स्थळं बघतोय आम्ही. आईला असलं काही म्हटल्यावर माझ्या पोरीला कोण करून घेईल?”

“तूच नसलीस तर लग्न कोण लावेल?”

“तुम्ही आहात की.”

“मी अठ्ठ्याहत्तरची आहे, मूर्ख बाई!”

ती हसली. पण दुसऱ्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून आली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तुकडा काढून पाठवला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता, पण अगदी सुरुवातीचा. त्या म्हणाल्या, “हा एका विषाणूमुळे होतो. त्याची लागण कितीतरी बायकांना होते आणि बहुतेकींची आपोआप जाते. तुमची राहिली, एवढंच. यात लाजण्यासारखं काही नाही.” फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. एप्रिलमध्ये ती पुन्हा माझ्या ओट्यापाशी उभी होती.

जानेवारी २००९. लोकेश आणि त्याची आई उर्मिलाबाई पंचशीलाला बघायला आले. वडीलधारी म्हणून मलाही बोलावलं होतं. आजाराचं बोलायचं नाही, असं केरबाने बजावलेलं. चहा झाला आणि वैजयंता म्हणाली, “ताई, लपवून लग्न करायचं नाही मला. दोन वर्षांपूर्वी मला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. आता बरी आहे.”

केरबाने डोळे मिटले. उर्मिलाबाईंनी कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, “पुरुषांनी जरा बाहेर बसा.”

संपलं, असं मला वाटलं.

दार लागल्यावर त्या वैजयंताजवळ सरकल्या. “ती तपासणी दुखते का हो? मलाही मधेच लाल जातं. घरात कुणाला सांगितलं नाही.”

“त्याहून मच्छर जास्त चावतो! शुक्रवारी मी येते तुमच्यासोबत.”

त्या दिवसाची माझी नोंद: ‘लग्न ठरलं.’ शुक्रवारची: ‘दोघी विहिणी डॉक्टरकडे गेल्या.’ पुढच्या बुधवारची: ‘उर्मिलाबाईंचं साधं निघालं, औषधाने जाईल. वैजयंताने चारही घरी पेढे वाटले. मी दोन घेतले.’