चिमट्यावरचा मर्ल सोबोत्का

मर्ल सोबोत्काने चाळीस वर्षं केल्सोच्या धान्यकोठारावर लोकांचा मका तोलला. ट्रक काट्यावर यायचा, मर्ल खिडकीतून आकडा सांगायचा आणि ट्रक पुढे जायचा. नेब्रास्काचा शेतकरी हवामान खात्याशी वाद घालतो, पाद्र्याशी घालतो, बायकोशी तर घालतोच. मर्लच्या आकड्याशी मात्र कुणी वाद घातल्याचं गावाला आठवत नाही. माणूस तसा रुक्षच. हसायचा ते सुद्धा मोजून. पण नाकासमोर चालणारा, आणि अशा माणसाला गावात एक वेगळीच किंमत असते.

म्हणूनच ड्वेन पोकोर्नीने एकोणतीस वर्षांपूर्वी त्याला गावच्या कॉलेजच्या, केल्सो स्टेटच्या, साखळीवर घेतलं. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, आणि ते दहा यार्ड मोजायला आजही दोन काठ्या आणि त्यांच्यामधली एक साखळी लागते. काठ्या धरणारी माणसं गावातलीच. नारिंगी जाकीट घालायचं, पाहुण्या संघाच्या बाकाजवळ उभं राहायचं आणि पंच सांगेल तसं पळायचं. ड्वेन मागची काठी धरायचा आणि टोळीचा मुकादमही तोच. मर्लकडे चिमटा होता. साखळी मैदानावरच्या ज्या पांढऱ्या पट्ट्यावरून जाते, तिथे साखळीला तो चिमटा लावायचा. अंतर अटीतटीचं झालं की साखळी उचलून मैदानात न्यायची, चिमटा त्याच पट्ट्यावर टेकवायचा आणि साखळी ताणायची. पुढची काठी कुठे पडते ते अख्खं स्टेडियम श्वास रोखून बघतं. पट्टा चार इंच रुंद असतो. चिमटा लावायचा तो पट्ट्याच्या मागच्या कडेवर, टेकवायचा तोही मागच्याच कडेवर. एवढीच विद्या. मर्ल ती मका तोलावा तशी पाळायचा.

आणखी एक नियम होता. साखळीवरच्या माणसाला बाजू नसते. टाळी नाही, आरोळी नाही, चेहरासुद्धा नाही. मर्लला हे सोपं जातं असं सगळ्यांना वाटायचं. त्याची बायको आर्लिस तेवढी जाणून होती, की सामना हरला की हा माणूस रविवारभर गॅरेजमध्ये नसलेलं काम करत बसतो.

गेल्या नोव्हेंबरातल्या शेवटच्या सामन्याला बर्फ होता. पाहुणे होते फोर्ट लॅनिंग, सव्वाशे मैलांवरचं गाव, आणि दोघांचं वैर आजोबांच्या वेळेपासूनचं. केल्सो तोवर एकही सामना हरलं नव्हतं, पण त्या दिवशी चार गुणांनी मागे होतं आणि घड्याळात दोन मिनिटं उरली होती. केल्सोचा चौथा प्रयत्न संपला. चेंडू पडला तो दहा यार्डांच्या अगदी काठावर; कमी भरला तर तो फोर्ट लॅनिंगकडे जाणार होता. पंचाने साखळी बोलावली.

मर्लने चिमटा धरून बर्फात गुडघा टेकला. पंचाने चिमटा पट्ट्याच्या मागच्या कडेवर दाबला आणि त्याच क्षणी मर्लला आठवलं. चिमटा लावताना मागच्या कडेवर ढकललेल्या बर्फाची रास होती. पट्ट्याची दिसत होती ती फक्त पुढची कड, आणि घाईत त्याने चिमटा तिथे लावला होता. म्हणजे आता साखळी चार इंच मागे पडत होती, केल्सोच्या फायद्याची.

साखळी ताणली गेली. लांबट चेंडूचं नाक काठीच्या दोन बोटं पुढे होतं.

नुसतं “थांबा” म्हटलं असतं तरी पंच थांबला असता. मर्लने तोंड उघडलं नाही. पुढे तो स्वतःला अनेकदा सांगायचा की तीन सेकंदांत सुचणार काय, पण त्याला पक्कं ठाऊक होतं, सुचलं होतं. केल्सो जिंकावं असं वाटत होतं म्हणून तो गप्प बसला. स्टेडियम उसळलं, केल्सोला नवे चार प्रयत्न मिळाले, दीड मिनिटात त्यांनी गुण केले, सामना जिंकला आणि अजिंक्यपदही. लोकांनी मैदानात उड्या टाकल्या. मर्ल खाली मान घालून साखळी गुंडाळत होता.

त्यातून पुढचं रामायण झालं. अपराजित संघ म्हणून केल्सोचं नाव झालं आणि जानेवारीत एका मोठ्या कॉन्फरन्सचं, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचं, आमंत्रण आलं. आमच्यात या, मोठ्या विद्यापीठांशी खेळा, टीव्हीवर दिसा. गाव उभं चिरलं. एका बाजूला दुकानदार आणि तरणी पोरं, दुसऱ्या बाजूला ड्वेनसारखे जुने लोक. न्हाव्याच्या दुकानात दोन खुर्च्यांवरची माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

“तिकडे गेलो की फोर्ट लॅनिंग संपलं,” ड्वेन म्हणायचा. “आणि साखळीवर त्यांची माणसं येणार, शिकवून पाठवलेली. आपण जाकिटं घालून मक्यात उभं राहायचं, कावळे हाकायला.”

मर्ल मान हलवायचा. तो विरोधातच असणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. एकोणतीस वर्षं साखळीवर असलेला माणूस जावं म्हणेल तरी कशाला? आणि खरं ते असं होतं, की अख्ख्या केल्सोत मोठ्या कॉन्फरन्ससाठी त्याच्याइतकं आसुसलेलं कुणी नव्हतं. संघ गेला की साखळी आपोआप सुटेल. कुणाला कारण सांगायला नको. आणि फोर्ट लॅनिंगच्या त्या बाकाजवळ, त्या मुलांच्या तोंडासमोर, पुन्हा कधी उभं राहायला नको. चोरासारखा विचार होता, आणि तो चोरासारखाच आहे हे कळत असल्यामुळे मर्लची झोप उडाली होती.

मार्चमध्ये कॉलेजच्या जुन्या व्यायामशाळेत विश्वस्तांनी गावाचं म्हणणं ऐकायला सभा ठेवली. प्रत्येकाला तीन मिनिटं. ड्वेनने मर्लला न विचारता त्याचं नाव विरोधकांच्या यादीत टाकलं होतं.

“मी काय बोलणार?” मर्ल म्हणाला.

“काही नको. उभा राहा नि म्हण, मी मर्ल सोबोत्का, मला हे पसंत नाही. तुझं नाव ऐकूनच दोन मतं फिरतील.”

सभा रंगली. क्रीडा संचालक बाईंनी पडद्यावर नकाशे दाखवले. एका प्राध्यापकाने मुलांच्या बुडणाऱ्या तासांबद्दल सांगायला सुरुवात केली आणि त्याची तीन मिनिटं प्रस्तावनेतच संपली. एक डुकरं पाळणारा शेतकरी उठला आणि म्हणाला, “गेलं वर्ष सोडलं तर आपण सहा तास बसने जाऊन हरतो. तिकडे विमानाने जाऊन हरू. फरक एवढाच, की घरी लवकर पोचू.” दोन्ही बाजू हसल्या. मग एक तरुण विमा एजंट उठला. “आपण अजिंक्य आहोत,” तो म्हणाला. “फोर्ट लॅनिंगला बर्फात, चौथ्या प्रयत्नावर, हक्काने हरवलंय. ते दोन बोटांचं अंतर आपण घाम गाळून मिळवलंय. ज्याला शंका असेल त्याने मर्लला विचारावं, तो इथेच बसलाय.” लोक वळून मर्लकडे बघू लागले, कौतुकाने. आर्लिसने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्याच्यानंतर मर्लचंच नाव पुकारलं गेलं.

तो माईकपाशी गेला. “मी मर्ल सोबोत्का,” तो म्हणाला. “चिमट्यावर असतो. ते दोन बोटांचं अंतर खोटं आहे. मी चिमटा पट्ट्याच्या पुढच्या कडेला लावला होता. चार इंच चुकलो. मोजतानाच मला ते कळलं आणि मी बोललो नाही. चेंडू कमी पडला होता. सामना फोर्ट लॅनिंगचा होता.” मग तो विश्वस्तांकडे वळला. “जायचं की राहायचं ते तुम्ही ठरवा. पण मला साक्षीला धरून ठरवू नका.”

लोक एकमेकांकडे बघू लागले. मग मागून कुणीतरी म्हणालं, “चार इंच?” संचालक बाई माईकवर वाकल्या आणि म्हणाल्या, “धन्यवाद, मिस्टर सोबोत्का, तुमची तीन मिनिटं झाली.” त्याचं एक मिनिटसुद्धा झालं नव्हतं.

बाहेर गाड्यांच्या तळावर ड्वेन त्याच्या मागे धावत आला. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी धावणं त्याला शोभत नव्हतं आणि झेपतही नव्हतं.

“चार महिने,” तो धापा टाकत म्हणाला. “चार महिने रोज सकाळी माझ्यासमोर बसून कॉफी ढोसलीस.”

“हो.”

“चिमटा चुकला ते सोड. मीसुद्धा एकदा काठी उलटी धरली होती. मला का नाही सांगितलंस?”

“तू मला पंचाकडे घेऊन गेला असतास.”

“गेलोच असतो,” ड्वेन म्हणाला. जरा दम खाल्ला. “आणि मला एक सांग. मी तुला विरोधकांत घातलं होतं. तू नक्की कुणाच्या बाजूने बोललास?”

मर्लने विचार केला. “मला नाही माहीत.”

ड्वेनने त्याच्याकडे बघितलं, मग त्याचे खांदे गदागदा हलायला लागले. तो हसतोय हे मर्लला जरा उशिरा कळलं.

घरी जाताना आर्लिस गाडी चालवत होती. पहिल्या वळणावर तिने गाडी हळू केली. मग म्हणाली, “मला वाटलं तुला कॅन्सर आहे नि तू लपवतोयस.”

“काय?”

“जेवत नव्हतास, झोपत नव्हतास, खिडकीतून बघत बसायचास. मी मनात तुझ्या दफनाची जागासुद्धा ठरवली. आणि हा म्हणे चिमटा.” तिने डोळे पुसले आणि मग त्याच हाताने त्याच्या दंडावर चांगली सणसणीत चापटी मारली. त्या रात्री मर्लने दोन वाट्या मांस-राजम्याची चिली आणि तीन दालचिनी रोल खाल्ले आणि सकाळी आठपर्यंत घोरत पडला. लाज वाटत होती, नाही असं नाही. पण लाजेचं वजन त्या गुपिताहून कितीतरी कमी होतं.

गावाने अर्थात सोडलं नाही. हार्डवेअरच्या दुकानात पोरगा दोरी मोजून देताना म्हणायचा, “चार इंच जास्त देऊ का, मिस्टर सोबोत्का?” विमा एजंट रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. एकाने त्याच्या टपालपेटीवर पांढरा पट्टा रंगवला, आणि तो नेमका चार इंचांचा होता हे मर्लने पट्टी लावून पाहिलं. केल्सोच्या सध्याच्या कॉन्फरन्सच्या कार्यालयातून दोन ओळींचं पत्र आलं. निकाल बदलणार नाही. चिमट्यावर कोण असावं ते सामन्याचे पंच ठरवतील.

मे महिन्यात विश्वस्तांनी मतं दिली. पाच विरुद्ध चार, केल्सो आहे तिथेच राहणार. अध्यक्षांनी कारणं वाचून दाखवली. प्रवास, मुलांचे तास, स्टेडियम वाढवावं लागणं. चिमट्याचा उल्लेख नव्हता. मर्लने रेडिओवर ते दोनदा ऐकलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. या खेपेला तरी कुणाचं भलंबुरं त्याच्यामुळे ठरलं नव्हतं. ड्वेनने त्या संध्याकाळी अंगणात बिअर उघडली आणि पहिल्या घोटानंतर सहज म्हणाला, “सप्टेंबरात पहिलाच सामना आहे. इथे. फोर्ट लॅनिंग.”

मर्लची बिअर तशीच राहिली.

सामन्याच्या दिवशी ऊन कडक होतं. तासभर आधी साखळीवाले पंचाला भेटतात. पंच गेल्या वर्षीचाच होता. त्याने मर्लकडे बघितलं आणि खाली गवताकडे बघत म्हणाला, “माझी हरकत नाही. पण पाहुण्यांची असेल तर तू स्टँडमध्ये बसायचं. मी ऑस्टरहाउसला विचारून घेतो.”

ऑस्टरहाउस हे फोर्ट लॅनिंगचे प्रशिक्षक. त्यांच्या तोंडाळपणाची मर्लला चांगली ओळख होती. एकोणतीसपैकी चौदा वर्षं त्याने तो जवळून ऐकला होता. ते बाकावरून तडक निघाले आणि साखळीवाल्यांसमोर येऊन थांबले. कमरेवर हात, टोपी डोळ्यांवर ओढलेली.

“तुमच्यातला चार इंचवाला कोण?”

ड्वेन पुढे सरकला. मर्लने त्याला हाताने मागे घेतलं. “मी,” तो म्हणाला. जाकिटाची चेन त्याने आधीच अर्धी उघडली होती.

ऑस्टरहाउसनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “माझ्या पोरांचं अजिंक्यपद गेलं. बावीस जण त्या वर्षी शेवटचं खेळत होते. त्यांना ते परत मिळणार नाही.”

“नाही,” मर्ल म्हणाला. “मला माफ करा.”

“ते पोरांना सांगा. त्यातले दोघं आज मला मदतीला आलेत, बाकावर बसलेत. सामना संपल्यावर या.”

“येतो.”

ऑस्टरहाउस पंचाकडे वळले. “मी या मैदानावर चौदा वर्षं येतोय. दर वर्षी बसमध्ये वाटतं, या लोकांनी आपल्याला कुठेतरी फसवलंय. कधी कुणी कबूल केलं नाही. हा एकटा बोलला, तेही आपल्या गावासमोर. चार महिने उशिरा, गाढव कुठला. पण याला काढून दुसरा आणाल, तर त्याच्याबद्दल मला काय माहीत? हाच ठेवा.”

आणि मर्लकडे बोट करून म्हणाले, “आज बर्फ नाहीये. तेव्हा सबब चालणार नाही.”

ते बाकाकडे निघून गेले आणि तिथे पोचायच्या आतच कुणावर तरी ओरडायला लागले. मर्लला रडू येईल असं वाटलं, पण साखळीवरच्या माणसाला चेहरा नसतो, म्हणून त्याने चेन पुन्हा वरपर्यंत ओढली. ड्वेनने त्याच्या हातात चिमटा दिला. पहिला चेंडू उडाला, पंचाने हात केला आणि मर्ल पळत जाऊन पट्ट्यावर वाकला. चिमटा मागच्या कडेवर लावला, अंगठ्याने चाचपून पाहिला, मग मान वर करून ड्वेनला म्हणाला, “जरा येऊन बघतोस?”