पूर्ण एक मिनिट

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. महाडला माझा दवाखाना आहे. भूतबाधा म्हणून आणलेल्या पेशंटला सलाईन लावून चालत घरी पाठवणारा माणूस मी...

गेल्या मार्चमध्ये आम्हा बारा डॉक्टरांचं ट्रेनिंग होतं, पोलादपूरच्या वर, जिथून कशेडी घाटातले ट्रक दिसतात त्या उतारावर. डोंगरात हाताशी काही नसताना जखमी माणूस कसा वाचवायचा, ते प्रत्यक्ष करून शिकायचं. बांबू आणि चादरीचं स्ट्रेचर वगैरे. सकाळीच सर म्हणाले, “थंड पडलेल्या माणसाची नाडी पूर्ण एक मिनिट बघा. दहा सेकंदांत हात काढलात तर जिवंत माणूस सोडून याल.”

सगळ्यांनी लिहून घेतलं. मी नाही.

काही पावसाळ्यांपूर्वी याच डोंगराच्या पलीकडे दरड कोसळली, तेव्हा मी मदतीला गेलो होतो. कमरेपर्यंत चिखलात रुतलेली एक बाई, मनगटात दोन हिरव्या बांगड्या. दहा सेकंद नाडी बघितली, लागली नाही. काळा टॅग बांधला – म्हणजे गेली, हिच्यावर वेळ घालवू नका – आणि पुढे गेलो. पुढे लोक ओरडत होते हो...

दुपारी तीनला सराव सुरू झाला. पलीकडच्या वाडीतले पाच जण जखमी बनून झुडपांत पडले होते, गळ्यात दुखापतीचं कार्ड. आम्ही शोधायचं, तपासायचं, टॅग बांधायचा. माझ्या जोडीची डॉ. मृणाल घड्याळ घेऊन वर कातळावर उभी होती.

करवंदीच्या जाळीमागे एक बाई पडलेली दिसली. कार्ड नव्हतं. विसरले असतील, म्हटलं. मनगट धरलं, तर गार आणि ओलं, एवढ्या उन्हात. बांगड्या वर सरकवल्या. हिरव्या. दोनच.

चेहऱ्याकडे बघायची हिंमत झाली नाही, खोटं कशाला सांगू. नुसता मोजत राहिलो. वरून मृणाल म्हणाली, “झालं मिनिट.”

अठ्ठावीस ठोके. संथ, पण अगदी स्पष्ट.

लाल टॅग बांधला – हिला आधी उचला – आणि स्ट्रेचर आणायला पळालो. परत आलो तर जाळीमागे कुणी नव्हतं. टॅगही नव्हता. वाळक्या गवतावर ओला चिखल तेवढा होता.

मोडक्या पायाचं सोंग घेतलेल्या सुमनताई जवळच बसल्या होत्या. म्हणाल्या, “डाक्टर, आमी पाचच जनं हाव. तिथं कोन नाय.” मृणालला वरून फक्त माझी पाठ दिसली होती.

चहाच्या वेळी मी सुमनताईंना त्या दरडीबद्दल विचारलं. कसं विचारलं, आठवत नाही.

“माजी जाऊ गेली तवा,” त्या म्हणाल्या. “डाक्टरनं काळी चिठ्ठी बांधलेली. मंग आमी पन हात लावला नाय. सांजच्याला उचलली, तं आंग गरम व्हतं अजून.”

ऊन लागलं असेल, मनाचे खेळ असतील, असं मृणाल म्हणते. मग लाल टॅग कुठे गेला, तो चिखल कुठून आला?

ती काळी चिठ्ठी कोणी बांधली, हे मी सुमनताईंना सांगितलं नाही. त्यांनी माझ्या कपात अजून थोडा चहा ओतला, आणि मी तो प्यायलो.