अकरा जण मागच्या व्हरांड्यात

"आंटीजी, इन ग्यारह को पीछे बरामदे में ले जाओ. मेहमान चले जाएँ, तब लाना," पाचवीच्या वर्मा मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या.

मी दिल्लीत आर. के. पुरमच्या एका शाळेत आया होते. शिक्षण चौथी. मुलांना सांभाळायचं, थाळ्या घासायच्या, चहा करायचा. सांगितलं तसं मुलांना घेऊन गेले.

पाहुणे म्हणजे दुसऱ्या दोन शाळांच्या शिक्षिका. त्या वर्षी तिन्ही शाळा मिळून 'इन्क्वायरी' करत होत्या. म्हणजे एक प्रश्न घ्यायचा, एकमेकींच्या वर्गात मागे बसून मुलं कुठे अडतात ते बघायचं, शिकवणं बदलायचं आणि पुन्हा बघायचं. त्यांचा प्रश्न होता, पाचवीच्या मुलांना शाब्दिक गणितं का येत नाहीत? आणि ज्यांना येत नव्हती, ती मुलं माझ्याबरोबर बाहेर.

त्यात नेहा होती. सहामाहीला ती गणितात नापास झालेली. वार्षिक परीक्षा दोन महिन्यांवर होती. तिची आई सरोजिनी नगरात कपड्यांच्या दुकानात काम करायची. तिने मला सांगून ठेवलं होतं, "इस बार फेल हुई तो गाँव भेज दूँगी." गावी गेलेली पोर शाळेत परत येत नाही. मी पाहिलेलं आहे.

पोरांना नुसतं कशाला बसवायचं? मी थाळ्या मोजायला लावल्या. पन्नास भरल्या.

"आज सैंतीस बच्चे खाएँगे. कितनी वापस रखूँ?" मी विचारलं.

"तेरह," नेहा लगेच म्हणाली.

मी तिची वही उघडली. बेचाळीस आंबे होते, अठरा वाटले, किती उरले? तिने लिहिलं होतं साठ. वर लाल फुली.

"बाँटने से आम बढ़ते हैं क्या?"

"आंटी, वो तो मैंने पढ़ा ही नहीं. दो नंबर थे, जोड़ दिए."

दुपारी मीटिंगमध्ये चहा घेऊन गेले. दुसऱ्या शाळेच्या कांबळे मॅडम, आमच्या नागपूरकडच्या, कागद चाळत स्वतःशीच मराठीत म्हणाल्या, "वर्गात विचारलं तर सगळ्यांना येतं. मग पेपरात अकरा जण कसे नापास?"

"ते अकरा माझ्यापाशी होते," मी म्हटलं.

तिथे मराठी आम्हा दोघींनाच येत होती. म्हणून मी तेच हिंदीतही सांगितलं.

प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "आंटी, चाय रखो और जाओ."

"नहीं मैडम, इन्हें बैठने दीजिए," कांबळे मॅडम म्हणाल्या. मी बसले. थाळ्यांचं सांगितलं, नेहाची वही दाखवली.

वर्मा मॅडम लाल झाल्या. "सबके सामने मेरी क्लास की बेइज़्ज़ती हो जाती."

तिसऱ्या शाळेची तरुण शिक्षिका हळूच म्हणाली, "हम तो पीटी में भेज देते हैं."

कांबळे मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हमारे यहाँ लाइब्रेरी में भेजते हैं. मैं ही भेजती हूँ."

कोणीतरी हसलं, मग सगळ्याच हसल्या. वर्मा मॅडम सोडून.

पुढच्या आठवड्यात पाहुण्या शिक्षिका पुन्हा आल्या. या वेळी ठरल्याप्रमाणे माझे अकरा जण पहिल्या रांगेत. वर्मा मॅडमनी फळ्यावरच्या गणितातले आकडेच पुसून टाकले. "पहले बताओ, हुआ क्या? आम बढ़े या घटे?" मुलं बोलायला लागली. भांडायलाही लागली. मग आकडे दिले. तिन्ही शाळांत तसंच सुरू झालं. महिनाभराने बायांनी पुन्हा एकमेकींच्या वर्गात बसून बघितलं. कुठे जमलं नाही तेही तोंडावर सांगितलं.

वार्षिकला अकरातले नऊ पास झाले. नेहा काठावर, पण पास. तिची आई मला म्हणाली, "चलो, छठी में देखते हैं." गावाचं नाव तिने काढलं नाही. राहिलेल्या दोघांना वर्मा मॅडमनी पुढच्या वर्षी आपल्याच वर्गात मागून घेतलं.

त्या मीटिंगनंतर वर्मा मॅडम माझ्याशी पंधरा दिवस बोलल्या नव्हत्या. माझं काही अडलं नाही.

शाळेत पाहुणे आले की ज्याला येत नाही, त्यालाच पुढे बसवावं. ज्याला येतं, त्याच्याकडे बघून शिक्षकाला काही कळत नाही.