गोड्या पाण्याची वाट पाहताना

ड्रिलनं लोखंडाला भोकं पाडणाऱ्याचा दंड दुखत असेल असं लोकांना वाटतं. दंडाला काही होत नाही. दुखतं ते बोट, बटण दाबून धरणारं. सकाळपासून दाबून धरलं की दुपारी त्या बोटानं भाकर मोडत नाही.

आमच्या घरचा धंदा भाजीपाल्याचा. अकोल्याजवळ मळा आणि बाजारात वांगी-मिरच्यांचं दुकान. मला आणि माझ्या थोरल्या भावाला त्याचा वीट आला, म्हणून आम्ही टिनाची छपरं घालायच्या कामात शिरलो. एका कामाचा वीट गेला आणि दुसऱ्याचा आला, एवढंच झालं. साठ सालानंतर गावोगाव शाळेच्या खोल्या निघत होत्या. त्यांच्या लोखंडी अँगलला भोकं पाडायला दादानं भंगारवाल्याकडून मिलिटरीतलं एक जुनं ड्रिल उचललं. ते ट्रकच्या बॅटरीवर चालायचं. खेड्यात वीज नव्हती, तरी आमचं यंत्र घरघरायचं, आणि लोक जत्रेतला पाळणा पाहावा तसे भोवती जमायचे. त्याची मला पहिला आठवडाभर ऐट वाटली असेल. पुढे बॅटरी एसटीच्या टपावर चढवून-उतरवून कंबर मोडली आणि ऐट गेली.

अकोल्यात बॅटऱ्या चार्ज करून देणारे एक म्हातारे मिस्त्री होते. बॅटरी नेली की दर वेळी तेच ऐकवायचे, "आधी बटन बंद, मंग चिमटा लावा. ताजी भरली असली तं बुचं ढिली करा, ग्यास जाऊ द्या. जवळ बिडी नाई ओढाची. आन् तेजाब उडालं तं पानी. भरपूर पानी." आम्ही मान डोलावत असू. कोणतं पाणी, हे त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

त्या वर्षी उन्हाळ्यात दर्यापूरकडच्या एका गावात शाळेचं छप्पर होतं. तो सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी जिभेवर ठेववत नाही, त्यात डाळ शिजत नाही, अंघोळ केली की अंग पांढरं पडतं. गोडं पाणी बायका दोन कोसांवरून आणायच्या आणि घरात ते तुपासारखं जपून वापरायच्या. आम्ही पंधरा दिवस त्या गावात होतो. पंधरा दिवसांत मीही पाण्याची जात पाहायला शिकलो. गुरांना खारं, भांड्यांना खारं, पिण्याला गोडं.

बोटावर मी एक तोड काढली होती. ड्रिलच्या बटणावर सुतळी करकचून बांधायची, म्हणजे दाबून धरायला नको. बॅटरीला वायरचा चिमटा लावला की ड्रिल सुरू, काढला की बंद. दादानं पाहिलं तेव्हा म्हणाला, "हे कावून बांधलं बे?"

"बोट दुखून राह्यलं ना."

"सोडून टाक ते."

मी हो म्हटलं आणि तो वळल्यावर तशीच ठेवली. थकलेला माणूस असाच हो म्हणतो.

त्या दिवशी सकाळी दादा अकोल्याहून बॅटरी भरून घेऊन आला. एसटीच्या टपावर कुणाच्या सामानावर तेजाब सांडू नये म्हणून बुचं घट्ट आवळलेली, ती तशीच राहिली. मी ड्रिल घेऊन वर अँगलवर बसलो होतो. सुतळी सोडायची मला आठवण नव्हती, की कंटाळा होता, हे मी आजही सांगू शकत नाही. दादानं खाली वाकून चिमटा लावला. ठिणगी उडाली, आणि फटाक्यासारखा आवाज होऊन बॅटरीचं झाकण फुटलं.

दादा डोळा धरून मातीत बसला. मी उडी टाकली. शेजारच्या घरातली बाई धावत आली, तिच्या हातात गुरांची भरलेली बादली होती. ती बादली ओतायला निघाली आणि मी तिचा हात धरला.

"खारं नका टाकू, बाई! डोया जाईन त्याचा! गोडं आना!"

कोणालाच माझं चुकलं असं वाटलं नाही. तिलाही नाही. ती बादली खाली ठेवून घरात पळाली, तिचा माठ रिकामा होता. मग तिसऱ्या घरी गेली. दादा नुसता "पानी, पानी" करत होता आणि पाण्यानं भरलेली बादली त्याच्या गुडघ्याजवळ होती. गोडं पाणी कळशीतून आलं तेव्हा मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन शेवटच्या थेंबापर्यंत ओतलं. फार काळजीनं ओतलं.

दुपारच्या गाडीनं त्याला अकोल्याला डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. डावा डोळा गेला होता. हात धुताना ते म्हणाले, "ॲसिडला मिनिटांचा प्रश्न असतो. मिळेल ते पाणी टाकायचं, खारं, गढूळ, कसलंही. तुम्ही किती वेळानं टाकलं?"

पट्टीखालून दादा बोलला.

"लगेच टाकलं साहेब. यानंच टाकलं."

डॉक्टरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "मग तुमच्याकडून होण्यासारखं सगळं तुम्ही केलंत."

बाहेर पायरीवर मी त्याला विचारलं, "दादा, खोटं कावून बोलला?"

"माहा तं गेलाच," तो म्हणाला. "आता तू रडत बसशीन तं उरलेली टिनं कोन ठोकीन?"

टिनं मी ठोकली. पुढे कितीतरी शाळांची ठोकली. दादा पुन्हा भाजीच्या दुकानावर बसला आणि त्यानं हा विषय काढला नाही. मला त्याचा राग यायचा. एकदा शिव्या घातल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर मीही उलटून भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. त्यानं ती सोय ठेवली नाही.

बाजारात जाताना मी नेहमी त्याच्या डाव्या हाताला चालायचो. लोक म्हणत, भावाला गाडीघोड्यापासून कसा जपतो पाहा. त्या बाजूनं त्याला माझं तोंड दिसत नसे.