नाकावरची हळद

माझ्या भावानं, रत्नाकरनं, उभ्या आयुष्यात कोणाचा मार खाल्ला नाही आणि कोणाला धड मारलंही नाही. हे मी कौतुकानं सांगून नाही राहिले. बॉक्सिंगवाला माणूस आणि ठोसा मारायचं नाव नाही, तर बापा, लोक काय बघायला येत होते? नोकरीला होता त्या फॅक्टरीच्या मॅचमध्ये हा रिंगमध्ये उतरला की मागच्या बाकांवरून ओरडा सुरू. "अबे, नाचने आया है क्या?" आणि हा खरंच नाचायचा. हात खाली कमरेशी, मान इकडे, मान तिकडे. समोरचा हवेत हात फिरवून फिरवून दमून जायचा. पण पंचांचा कौल चढून जाणाऱ्याला, ठोसे चुकवून वाचणाऱ्याला नाही, म्हणून पुष्कळदा हाच हरायचा. घरी येऊन आरशात बघायचा. "ताई, बघ, नाक सरळच्या सरळ आहे." हरल्याचं दुःख नाही, नाकाचा आनंद! असा माझा भाऊ.

रिटायर झाल्यावर तो राइट टाउनमध्ये, आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सकाळचा बॉक्सिंगचा क्लास घेऊ लागला. तिथं त्यानं एक नियम काढला. घरून निघायच्या आधी लोखंडी कपाटाच्या आरशासमोर उभं राहायचं आणि नाकाच्या शेंड्यावर हळदीचा ठिपका लावायचा. हळद मीच कालवून द्यायचे, तेलाचे दोन थेंब घालून. ज्याच्यामुळं त्या नाकाला काहीही लागलं, की गळ्यातली शिट्टी त्याला देऊन उस्तादी सोडायची. पोरं जिवाचा आटापिटा करायची. पण हळद रोज जशी गेली तशी परत यायची. त्या शिट्टीशिवाय त्याच्याजवळ होतं काय? बायको केली नाही, पोरंबाळं नाहीत, मी विधवा बहीण घरात, तीही तोंडाची फटकळ. शिट्टी वाजली की हॉलभर पोरं एका रांगेत उभी राहतात, एवढंच त्याचं राज्य.

योगेश त्याच क्लासचा. इथंच गोहलपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याच्या बापाचं वेल्डिंगचं दुकान आहे. पोराला मराठी कळते, पण बोलतो हिंदी. राज्याचं मेडल घेऊन आला तेव्हापासून मंडळातल्या लोकांना एकच विषय: गुरू भारी की चेला? कारण योगेशलाही कोणाचा हात लागत नाही. पण त्याची तऱ्हा निराळी. रत्नाकर जागेवर उभा राहून कमरेतून वाकतो, हा हात गालांशी बांधून पायांनी सरकतो. समोरच्याचा हात पोचणार नाही तिथं जाऊन उभा राहतो आणि नुसता बघतो. चहाच्या टपरीवर यावरून भांडणं व्हायची. रत्नाकरजींची कंबर आजकालच्या पोरांत कुठं, असं एक म्हणायचा. योगेशच्या पायांपुढं कंबर काय करणार, असं दुसरा. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. रत्नाकर वाचायचा, कारण त्याला मार नको होता. योगेश वाचता वाचता समोरच्याचं दुखणं हुडकायचा.

आणि दुखणं होतं. काचबिंदूनं रत्नाकरचा डावा डोळा पार गेला होता, उजवाही अधू झाला होता. डाव्या हाताला चहा ठेवला की हमखास लवंडायचा. मी म्हटलं, मंडळात सांगून टाक. तर म्हणे, "काहून सांगू? आंधळा उस्ताद कोण ठेवते? शिट्टी काढून घेतील." मला वाटत होतं, मी सोडून कोणाला माहीत नाही. पण क्लासमध्ये पाण्याची बाटली डावीकडून दिली की सर घेत नाहीत, हे योगेशनं बघून ठेवलं होतं.

गणपतीच्या आधी मंडळाचा सेक्रेटरी श्रीपाद खोव्याची जलेबी घेऊन घरी आला. शेवटच्या दिवशी रत्नाकरचा सत्कार करायचा होता, आणि त्याआधी उस्ताद विरुद्ध योगेश, एक मैत्रीची मॅच. "हळदीचा नियम ठेवू ना काका, मजा येईल." मी श्रीपादच्या मागून डोळे वटारले, मान हलवली. पण त्याला दिसेल तर ना! हो म्हणून बसला. श्रीपाद गेल्यावर मी फाडफाड बोलले. "अक्कल गहाण ठेवली का रे? या वयात?" तो शिट्टी पुसत बसला. "नाकाला हात लागणार नाही, ताई. तू फक्त हळद जरा घट्ट कालव."

हॉल भरला होता. सुरुवातीला योगेशनं समोरून हळू हळू हात टाकले आणि रत्नाकर असा काही वाकला, असा काही सरकला, की देवाशपथ, माझे डोळे भरून आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग योगेश दोन पावलं रत्नाकरच्या डाव्या अंगाला सरकला आणि थांबला. हात खाली सोडले. ऑटोची वाट बघत असल्यासारखा निवांत उभा राहिला. रत्नाकरच्या समोर फोकसचा उजेड होता आणि पंख्याच्या वाऱ्यानं मंडळाचं बॅनर हलून राहिलं होतं. त्याच्या उरलेल्या डोळ्याला ते बॅनरच योगेश वाटलं.

तो वाकून वाकून बॅनरपासून वाचू लागला.

आधी एकच जण हसला, मग अख्खा हॉल. मोबाइल वर झाले. "उस्ताद, किससे बच रहे हो?" योगेशनं कमरेवर हात ठेवले, तोंड उघडून जांभई दिली. श्रीपाद डोळे पुसपुसून हसत होता, पण मेल्यानं मॅच थांबवायची घंटी काही वाजवली नाही. आणि माझा भाऊ! त्याला वाटलं, लोक खूश आहेत. तो आणखी खाली वाकू लागला, आणखी झोकात मान हलवू लागला. योगेशनं त्याच्या नाकाला बोट लावलं असतं तरी खेळ संपला असता. मारलं असतं तर मी माफ केलं असतं. पण त्यानं हात उचलला नाही.

रत्नाकर घरी आला तो फुलून. कपाटाच्या आरशाशी नाक नेऊन बघू लागला. "पाहिलं? हळद जशीच्या तशी! पोराची हात उचलायची हिंमत झाली नाही. आणि लोक किती खूश होते, कसे हसत होते ना!" तेवढ्यात उघड्या दारातून योगेश आत आला. सत्काराची शाल आणि नारळ हॉलवरच राहिले होते, ते द्यायला. येऊन थेट रत्नाकरच्या डाव्या अंगाला उभा राहिला आणि माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

रत्नाकर बोलतच होता. "मुलगा चांगला आहे, पण जिगर नाही. माझ्या काळात असता तर माझ्यासमोर टिकला नसता." योगेश शाल तोंडावर दाबून हसू लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे मूर्खा, तो तुझ्या डावीकडे उभा आहे! तिथंही असाच उभा होता! लोक तुला हसून राहिले होते, तू बॅनरपासून वाचून राहिला होतास!"

दुसरा कोणी असता तर वळून बघितलं असतं. रत्नाकर वाकला. जन्माची सवय, डावीकडे माणूस म्हटल्याबरोबर कमरेतून सपकन उजवीकडे. उजवीकडे कपाटाचं लोखंडी हँडल होतं. कडकन आवाज झाला. तो नाक धरून खाली बसला आणि बोटांमधून रक्त येऊ लागलं.

"सर, मैंने नहीं मारा," योगेश मागे सरकत म्हणाला. "ताईजी, आपने देखा ना? मैंने हाथ भी नहीं लगाया." त्याला काळजी होती ती एवढीच.

रत्नाकरनं हँडल चाचपलं. बोट उजव्या डोळ्याजवळ आणून बघितलं. रक्तात हळद होती. त्यानं गळ्यातली शिट्टी काढली आणि हात पुढे केला, जिथं कोणीच नव्हतं तिकडे. "घे योगेश. नियम तो नियम."

मला वाटलं, आता तरी हा नाही म्हणेल. योगेश वळसा घालून आला, शिट्टी घेतली, तिच्यावरचं रक्त त्या शालीला पुसलं आणि गळ्यात घातली. मग वाकून सरांच्या पाया पडला. जाताना दार ओढून घ्यायचंही भान त्याला होतं.

मी ओला फडका घेऊन रत्नाकरजवळ बसले. त्यानं तोंड माझ्याकडे केलं, डोळे मिटलेले. "ताई, बघ ना. नाक सरळ आहे ना?"

"नाही रे," मी म्हटलं. "वाकडं झालं." आणि हळदीची वाटी मोरीत नेऊन पालथी केली.