हवा न भरलेला पट्टा

धातूतले दोष शोधणे हा माझा व्यवसाय होता. जे दुसऱ्यांदा मोजता येत नाही ते खरे मानायचे नाही, ही शिस्त मी हाताखालच्या माणसांनाही लावली. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जात असे. या सदरातले अनुभवही आजवर शंकेनेच वाचले. तरीही हे लिहितो, कारण तेव्हा भर दुपार होती, मी पूर्ण भानावर होतो, आणि सोबत साक्षीदार होता.

सन दोन हजार चारचा उन्हाळा. वेल्हे तालुक्यात, पानशेतच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. नाव लिहीत नाही. माणसे अजून तिथेच राहतात. जलाशयातले पाणी डोंगरावरच्या टाकीत चढवणारी जुनी लोखंडी पाइपलाइन तिथे होती. काठावर नवा, जास्त ताकदीचा पंप बसवला होता. तो सुरू केल्यावर लाइन दाब सोसेल की नाही, हे सांगण्यासाठी मला बोलावले होते.

तपासणीची पद्धत थोडक्यात सांगतो. पाइपभोवती एक पट्टा आवळायचा. त्यातले स्फटिक पाइपच्या धातूत बारीक कंपनांची लहर सोडतात. लहर धातूच्या अंगानेच लांबवर जाते. वाटेत जोड, गंज किंवा चीर लागली की तिचा काही भाग मागे फिरतो. परतायला किती वेळ लागला, त्यावरून दोषाचे अंतर कळते. पट्ट्यात सायकलच्या ट्यूबसारखी रबरी पिशवी असते. तिच्यात हवेच्या छोट्या पंपाने हवा भरली की स्फटिक पाइपला घट्ट टेकतात. हवा नसेल तर लहर धातूत शिरत नाही. पडद्यावर सरळ रेघ येते.

पट्टा बांधण्याचे काम रफीककडे असे. हा भोरचा फिटर, माझ्याकडे बरीच वर्षे. मी झाडाखाली कॉम्प्युटर घेऊन बसलो होतो. मधल्या झुडपांमुळे पट्टा दिसत नव्हता. तो तयार आहे असे समजून मी लहर सोडली.

नोंद उत्तम आली. सगळे जोड नकाशाप्रमाणे जागच्या जागी. आणि मध्ये, पाइप काँक्रीटच्या ठोकळ्यातून जातो तिथे, एक उंच टोक. मोठा दोष. मी रफीकला हाक मारली. तो जीपकडून येत होता... हातात हवेचा पंप.

"साहेब, हवा कुठं भरलीय अजून?" तो म्हणाला.

मी जाऊन पट्टा चाचपला. तो सैल होता. बोट सहज आत जात होते. हवा भरून पुन्हा नोंद घेतली, मग आणखी एकदा. जोड दिसले. ठोकळ्यात काही नव्हते. यंत्र बिघडले असावे, असे मी स्वतःला सांगितले. पण बिघडलेले यंत्र सगळे जोड अचूक कसे दाखवील? जुनी नोंद पुन्हा उमटली म्हणावे, तर या लाइनीला आमचा पट्टा पूर्वी कधी लागलाच नव्हता.

मी त्या ठोकळ्यापाशी गेलो. त्याच्या बरोबर खाली, उतारावर एक घर होते. घरच्यांनी पाइपवर बाळाची दुपटी वाळत घातली होती. पाइप इथे फुटला असता तर पाण्याचा लोट थेट छपरावर आला असता. आत बाळंतीण होती. तिची आई शेवंताबाई दारात गवऱ्या रचत होती. नवा पंप सुरू होऊन लाइन टिकल्याचे दिसेपर्यंत लेकीला दुसरीकडे हलवा, असे मी तिला सांगितले. सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, असे ती म्हणाली.

"पाइप तपासला न्हवं तुमी? काय निघालं?"

"काही नाही."

"काय न्हाई निघालं म्हनून घर सोडायचं व्हय, सायेब?"

मी खोटे बोलू शकलो असतो. बोललो नाही.

त्या हलणार नाहीत म्हटल्यावर एकच मार्ग उरला. पाणीयोजनेच्या तरुण अभियंत्याला मी ठोकळा फोडायला सांगितले. वरच्या वाडीत टाकी कोरडी होती. बाया हंडे घेऊन बसल्या होत्या. तो वैतागला. यंत्र माझेच, निकाल माझाच, आणि यंत्र ठीक म्हणत असताना मीच नाही म्हणतो, हे त्याला उमगेना. त्याचे म्हणणे रास्त होते. मी म्हणालो, "जबाबदारी माझी. फोडा."

दिवस कलता काँक्रीट निघाले. रफीकने पाइपच्या खालच्या अंगाला हातोडी हलकेच टेकवली... ती आत गेली. गंजाने पत्रा कागदासारखा झाला होता. तेवढा तुकडा बदलून मगच पंप चालू केला.

काँक्रीट लहर गिळते, त्यामुळे हवा भरून घेतलेल्या नोंदीत दोष लपला, हे मी समजावून सांगू शकतो. त्याआधी सैल पट्ट्यावर आलेली नोंद मात्र नाही. शेवंताबाईने ते भोक वाकून पाहिले आणि ती माझ्याकडे वळली.

"मंग मगाशी काय न्हाई का म्हनलासा?"

मी गंजाचा एक पापुद्रा उचलून तिच्या हातावर ठेवला.

त्यानंतर काम सोडेपर्यंत प्रत्येक पाइपवर पहिली नोंद मी हवा न भरताच घेतली. रफीक हवेचा पंप धरून बाजूला उभा राहायचा. असे का, हे त्याने कधी विचारले नाही. दर वेळी पडद्यावर सरळ रेघ यायची. ती शेवटपर्यंत पाहून मी मान हलवायचो, आणि तो हवा भरू लागायचा.