घरधन्याची गाठ

दोरनाना रोज सकाळी सात वाजता माझ्या अर्धवट घराच्या गच्चीवर लोंबकळायचे. जिन्यावरच्या खोलीत त्यांनी एक सागाची तुळई आडवी टाकली होती. तिला चार दोर बांधलेले. एकेका दोराला धरून, पाय पोटाशी घेऊन, धोतराचा सोगा दातात पकडून हा साठीचा माणूस मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजायचा. चारही दोर झाले की मगच धोतर झाडून म्हणायचा, "हं, चला." समोरच्या बंगलीतले वकील एकदा मला रस्त्यात अडवून म्हणाले, "मास्तर, तुमचा मिस्त्री व्यायाम करतो की जीव देतो, ते एकदा नक्की सांगा. मला रोज चहा टाकून धावत यावं लागतं."

त्यांचं खरं नाव सुपडू मिस्त्री. पण जळगावात त्या नावाने विचारलं असतं तर कुणी पत्ता सांगितला नसता. दोरनाना म्हटलं की पानवालासुद्धा हात करायचा. ही गोष्ट एकोणीसशे साठ ते सत्तरच्या दरम्यानची. मेहरूणच्या रस्त्याला तेव्हा एखाददुसरी बंगली सोडली तर नुसती शेतं होती, आणि त्यातल्या एका तुकड्यावर मी, शाळेतला गणिताचा मास्तर, दोन मजली घर बांधायला निघालो होतो. आमच्या हिने माझ्या दोन्ही बहिणींना आधीच कळवून टाकलं होतं, "यंदा आखाजीला नव्या घरात या." आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्यामुळे अक्षय तृतीयेच्या आत घर उभं राहणं हा आता सिमेंटचा नव्हे, माझ्या अब्रूचा प्रश्न झाला होता.

नानांकडे काम द्यायचं ठरवलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली. उंचावर काम करणाऱ्या गवंड्यांच्या कमरेला त्या पारखलेल्या दोराची गाठ रोज सकाळी घरधन्याने स्वतः मारायची. मला वाटलं, काहीतरी पूजेबिजेचा प्रकार असेल, एक दिवस करायचा. म्हटलं, "बरं." काम उंचावर गेल्यावर एक दिवस गाठ मारली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं आलं. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "अहो नाना, तुम्ही मिस्त्री, तुम्ही बांधा की! माझी गाठ ती काय असणार?" माझ्याशी ते मराठी बोलायचे, पण चिडले की सरळ अहिराणीवर यायचे. "ज्यानं घर, त्यानी गाठ!" एवढंच म्हणून ते जिना चढायला लागले.

आता तुम्हाला खरं सांगतो. मला उंचीची भयंकर भीती. शाळेत फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहायला स्टुलावर चढलो तरी माझे गुडघे बोलायला लागतात. आणि इथे कठडा नसलेला जिना चढून उघड्या गच्चीवर जायचं! पहिल्या दिवसापासून मी तो जिना बसून बसूनच चढायचो. बिगारी बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. नाना मात्र हसले नाहीत. वर पोचलो की आधी माझ्याच कमरेला एक दोर अडकवायचे आणि म्हणायचे, "भ्या वाटतं ना मास्तर? चांगलं आहे. ज्याला भ्या वाटतं त्याचीच गाठ पक्की बसते."

चार गवंडी होते. भिला आणि दगा हे सख्खे भाऊ, दोघंही मुके असल्यासारखे गप्प. तिसरा झिपरू, नुकतं लग्न झालेला, तोंडाने फटकळ. दोर बांधताना रोज कुरकुरायचा, "मी काय बैल शे? दावं कसाले बांधतस मले?" आणि चौथे रशीदभाई, तीस वर्षं थापी धरलेला माणूस. ते शांतपणे हात वर करून उभे राहायचे, शिंप्याकडे माप द्यायला उभं राहावं तसे. दोर कातडीत रुतू नये म्हणून नानांच्या बायकोने जुन्या लुगड्याच्या घड्या आणि गोणपाट शिवून रुंद पट्टे केले होते. त्यावरून दोर घ्यायचा, गाठ मारायची, नाना ओढून बघायचे. नापसंत पडली तर सोडायला लावायचे. एकदा माझी गाठ सहा वेळा सोडायला लावली त्यांनी! वर्गात मी पोरांना गणित पुन्हा सोडवायला लावतो, त्याचा असा सूड उगवला म्हणायचा. पण एक झालं. रोज कुणाच्या कमरेला मिठी घातल्यासारखं उभं राहायचं म्हटल्यावर बोलणं होतंच. झिपरूच्या बायकोला दिवस गेलेत, रशीदभाईंची मुलगी सातवीत पहिली आली, दगाला खोकला आहे, हे सगळं मला त्या गाठींनी सांगितलं.

भिंतीबाहेर बांधलेली नानांची परांची बघायला बाकीचे मिस्त्री येत आणि हसून जात. फळ्या इतरांच्या दुप्पट, आणि बाहेरच्या बाजूला धरायला एक आडवी बल्ली. ती बल्लीही त्यांनी गड्यांच्या कमरेच्या मापाने नाही बांधली. घमेलं वाहणाऱ्या बायांतली सगळ्यात बुटकी बाई उभी केली आणि तिच्या हाताला येईल तिथे बल्ली बांधली. मी विचारलं, तर म्हणाले, "डोक्यावर ओझं तिच्या आहे. हात तिलाच लागणार." वर तंबाखू मळायची नाही, वर भांडायचं नाही, वरून खाली बघून गप्पा मारायच्या नाहीत. "जे काय करायचं ते जमिनीवर करा. जमीन पळून जात नाही," हे त्यांचं दिवसातून दहादा.

मार्च संपत आला आणि माझा धीर सुटला. शाळेत परीक्षा, घरी हिची रोजची विचारणा, बाहेरचा गिलावा अजून बाकी. एका सकाळी मी निरोप पाठवला, "आज यायला जमणार नाही, तुमचं तुम्ही बांधून घ्या." दुपारी शाळेतून येऊन बघतो तर काय! सगळे लिंबाखाली बसलेले. भिजवलेला माल घमेल्यात दगड झालेला. भिंत सकाळी होती तशीच. माझं डोकंच फिरलं. "नाना, हा काय तमाशा लावलाय तुम्ही? आखाजी तोंडावर आली आणि तुम्ही बसून राहता? गाठ म्हणजे गाठ, मी मारली काय नि तुम्ही मारली काय!"

नाना उठले नाहीत. म्हणाले, "बसा मास्तर." मी रागारागातच बसलो. मग त्यांनी चाळीसगावची गोष्ट सांगितली. वीस वर्षांपूर्वी तिथे एका बड्या घराचं काम चाललेलं. नानांचा जोडीदार दुसऱ्या मजल्यावरून पडला आणि जागीच गेला. चार महिने त्या घरावर राबत होता तो. घराचा मालक आतून आला, पडलेल्या माणसाकडे बघितलं आणि नानांना विचारलं, "कोण आहे हा?" मग ते अहिराणीत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "चार महिना, मास्तर. त्याले नाव बी माहीत नव्हतं." मी चहा मागवला. दुसऱ्या दिवशी पावणेसातलाच गच्चीवर हजर होतो. बसून नाही, उभा चढलो.

आखाजीला जेमतेम तीन आठवडे उरले असतानाची एक सकाळ. ऊन आठ वाजताच भाजत होतं. मी गाठी मारून खाली येऊन नानांबरोबर चहा घेत होतो. घराच्या मागच्या अंगाला कडकन आवाज झाला आणि एक फळी, मागोमाग मालाचं घमेलं, दाणकन जमिनीवर आलं. पेला माझ्या हातून कधी पडला कळलं नाही. धावत मागे गेलो, वर बघितलं. रशीदभाई हवेत होते.

उन्हाने फळ्या बांधलेला सुंभ वाळून सैल झाला होता, फळी सरकली होती, आणि तीस वर्षांचा तो कसलेला माणूस माझ्या वरच्या मजल्याच्या खिडकीसमोर दोराला लटकत हळूहळू गोल फिरत होता. हातातली थापी सोडली नव्हती. आमची ही आत खोली झाडत होती. तिने किंचाळून खिडकीकडे धाव घेतली, तर रशीदभाई तिला विचारतात, "भाभी, खाली कुणी नव्हतं ना? घमेलं कुणाला लागलं तर नाही ना?" खिडकीला अजून गज बसायचे होते, ते आमचं नशीब. हिने त्यांचे पाय धरून ठेवले, वरून भिला-दगाने दोर आवरला, मी जिना कसा चढलो देव जाणे, आणि सगळ्यांनी मिळून त्यांना खिडकीतून आत ओढलं. माझ्या नव्या घरात पहिला प्रवेश असा खिडकीतून झाला!

गाठ इतकी आवळली होती की सुटेना. शेवटी नानांनी खाली बसून दातांनी ती सोडवली. सुटल्यावर दोराचं ते टोक बोटांनी चाचपून बघितलं. मग म्हणाले, "गाठ बेस शे, मास्तर." मी रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो, बिगारी बायांसमोर रडलो. त्यात लपवण्यासारखं काय आहे? रशीदभाईच मला समजावत होते, "जाऊ द्या सर, काही झालं नाही." आणि तो फटकळ झिपरू भिंतीला टेकून स्वतःच्या कमरेची गाठ ओढून बघत होता. त्या दिवसानंतर त्याच्या तोंडून बैल हा शब्द निघाला नाही.

नानांनी सगळ्यांना खाली उतरवलं आणि परांची पहिल्यापासून पुन्हा बांधायला घेतली. चूक सुंभाची नव्हती, सकाळी प्रत्येक बंध हाताने दाबून न बघण्याची होती, आणि ती त्यांची स्वतःची होती, असं त्यांनी सगळ्या गड्यांसमोर मोठ्याने सांगितलं. त्यात पाच दिवस गेले. मी एका शब्दाने घाई केली नाही. ही म्हणाली, "नणंदा काय भिंतींना गिलावा आहे का ते बघायला येणार आहेत?" आणि खरंच, आखाजीला बहिणी आल्या तेव्हा घराची मागची भिंत उघडी होती. विटा दात काढून हसत होत्या. बहिणींनी लिंबाला झोका बांधला, नाना आणि चौघे गवंडी पुरणपोळी आणि आमरसावर बसले, आणि थोरली बहीण रशीदभाईंना आग्रह करकरून वाढत होती. इतकी तृप्त आखाजी मी पुन्हा पाहिली नाही.

त्यानंतरही नानांनी अट सोडली नाही. त्यापायी कामं गेली. एका व्यापाऱ्याने मुनीम पाठवतो म्हटलं, तर नानांनी सामान उचललं. "मुनीम त्या घरात झोपणार आहे का?" मी त्यांच्यासाठी ओळखीपाळखीत फिरायचो, लोकांना सांगायचो, रोज दहा मिनिटं लागतात हो, फक्त दहा मिनिटं. काही हसले, काही तयार झाले. माझ्या शाळेतल्याच तीन मास्तरांची घरं नानांनी बांधली, आणि सकाळी स्टाफरूममध्ये हाताला दोराचे वळ पडलेले मास्तर एकमेकांना गाठी शिकवताना दिसायला लागले.

पुढे नानांना धाप लागायला लागली आणि ते जामनेरजवळच्या आपल्या गावी गेले. माझं घर बांधून सात-आठ वर्षं झाली असतील, एका सकाळी झिपरू सायकलवर दारात आला. त्याच्याकडे बघूनच मला कळलं, नाना गेले. आम्ही मिळेल त्या एस.टी.ने गेलो. नानांची बायको अंगणात बसली होती. मला बघून म्हणाली, "खाटेवर गेले, मास्तर. झोपेत." हे ती रडत सांगत होती, पण तिच्या सांगण्यात एक अभिमान होता, आणि तो मला नीट समजला.

खांद्याला भिला, दगा, झिपरू आणि रशीदभाई होते. रशीदभाईंची दाढी पांढरी झाली होती. झिपरूची मुलगी दुसरीत होती. नदीचा उतार आला तेव्हा चौघंही एकाच वेळी सावकाश झाले आणि पाय रोवून रोवून टाकायला लागले. मी मागून चालत होतो, माझं लक्ष एकसारखं त्यांच्या कमरांकडे जात होतं. एकेकाचं पोट असं सुटलं होतं, भरल्या घरातल्या बाप्यांचं सुटतं तसं, की नानांच्या बायकोने शिवलेला पट्टा आता चौघांपैकी एकालाही पुरला नसता.